सड्याला खोली नाही

नगरात तेव्हा खोल्या नव्हत्या असं कुणी सांगितलं तर खुशाल खोटं समजावं. अठ्ठेचाळीस सालच्या जूनमध्ये नगरात खोल्या होत्या, फक्त त्या यशया साळवेला द्यायच्या नव्हत्या. चार दिवसांत त्यानं सत्तावीस दारं वाजवली. सत्तावीस हा आकडा त्याला पुढं जन्मभर पाठ राहिला.

यशया वीस वर्षांचा. गाव डोणवाडी, पुणतांब्याच्या खाली, गोदावरीच्या पल्याड. अल्याडच्या काठावर उभं राहिलं तर पल्याडच्या चुलींचा धूर दिसतो, पण तो धूर निजामाच्या मुलखातला. इंग्रज गेला, इकडं स्वराज्य आलं, आणि पल्याडचं सरकार म्हणालं की आम्ही वेगळा देश. ज्या नदीत यशया पोहायला शिकला ती एका रात्रीत देशाची शीव झाली. काठावर चौक्या बसल्या, टपाल बंद पडलं आणि पल्याडच्या गावांतून रझाकार हिंडू लागले. ते तरण्या पोरांना उचलून नेत, कुणाला कामाला जुंपत, तर कुणी परत येतच नसे.

यशयाचा बाप पटकीनं गेलेला. घरात आई मरिया, पंधरा वर्षांची बहीण दया आणि तो. गावच्या पाळकसाहेबांनी गाव सोडता सोडता एक पुण्य केलं, नगरच्या मास्तरकीच्या शाळेत चिठ्ठी लिहून यशयासाठी जागा मिळवली. आईनं त्याला पहाटेच्या नावेत बसवताना एवढंच सांगितलं, "मास्तर हो. डोक्यावर छप्पर झालं की आमाला ने. तवर आमची काळजी करू नको." काळजी करू नको असं सांगितल्यानं कुणाची काळजी थांबली आहे का? पण आयांना ते सांगावंच लागतं.

शाळेत गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की वसतिगृहात निर्वासित भरले आहेत. मुख्याध्यापक भला माणूस होता, पण नियमापुढं त्याचंही काही चालत नव्हतं. "तू परमुलखातला," तो म्हणाला. "नगरातल्या घरमालकाच्या सहीचा राहण्याचा दाखला शनिवारी चार वाजेपर्यंत आण. नाही आणलास तर नाव कमी करावं लागेल. वरून तसा हुकूम आहे." तो मंगळवार होता.

नाव कमी झालं तर परत जायचं होतं ते गोदावरीपल्याड, आणि तिकडं काय वाट पाहत होतं ते यशयाला ठाऊक होतं. त्यानं वळकटी पाठीला मारली आणि फिरायला लागला. रात्री स्टेशनच्या बाकावर, दिवसा दारोदार.

माळीवाड्यात नाव विचारलं. यशया म्हटल्यावर एक म्हातारा म्हणाला, "हे कुठलं नाव? मुसलमान का?" ख्रिस्ती आहे म्हणून सांगितलं तर म्हाताऱ्याचा चेहरा काही उजळला नाही. तो म्हणाला, "म्हणजे मूळचे कोण?" मूळचे कोण ते सांगितल्यावर दार लागलं. झेंडीगेटला एका मुसलमान मालकानं बसायला खाट दिली, चहा पाजला आणि हात जोडले. "बेटा, तू निजामाच्या मुलखातला. आमच्यावर आधीच लोकांचा डोळा आहे. तुला ठेवला तर उद्या माझ्या घरावर दगड येतील." यशयाला त्याचा राग आला नाही. सगळ्या चार दिवसांत पोटात काही गेलं असेल तर तो चहा.

उरली ती आपली माणसं, म्हणजे ख्रिस्ती घरं. तिथं तरी दार उघडेल असं त्याला वाटलं होतं. दारं उघडली, सलाम झाले, पाणी मिळालं, गावच्या मंडळीची चौकशी झाली, आणि मग प्रत्येक घरात तोच प्रश्न आला.

"लग्न झालंय का?"

"नाही."

"मग कसं जमणार? सड्याला खोली देत नाही आम्ही. घरात मुली आहेत."

हे एक नगरच्या घरमालकांचं अजब शास्त्र होतं. माणूस चोर असला तरी चालेल, बायको पाहिजे. सडाफटिंग म्हणजे बिनवेसणीचा बैल, कुणाच्याही शेतात शिरायचा. बिचाऱ्या यशयाच्या अंगात कुठं शिरायचं त्राण राहिलं होतं? शुक्रवारी दुपारी तो एका ओसरीवर चक्कर येऊन बसला तर आतून आवाज आला की उठा, इथं बसू नका.

शनिवारी सकाळी तो अठ्ठाविसाव्या दारी गेला. ते साराबाई भिंगारदिव्यांचं घर. साराबाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढरं पातळ, नाकावर चष्मा, विधवा. त्यांच्या अंगणाला लागून दोन खोल्या होत्या. एकीत रेल्वेतला गँगमन गोरक्षनाथ आणि त्याची बायको मुक्ताबाई राहत. ती माणसं हिंदू, पण साराबाईंना भाडेकरू हिंदू की ख्रिस्ती याचं काही नव्हतं. त्यांच्या अटी दोनच होत्या, आणि त्या त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारख्या सांगून टाकल्या.

"सडा नको. आणि खटलंही नको. मागच्याला खोली दिली ती दोघांना, आणि महिन्यानं मोजली तर अकरा माणसं. पल्याडून येणारे सगळे असंच करतात. तुमचं काय?"

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण खरं सांगायचं तर त्याला फार अक्कल असते, फक्त ती एका दिवसापुरती असते. यशयाच्या तोंडून शब्द गेले ते त्यानं स्वतःही प्रथमच ऐकले. "लग्न झालंय. बायको गावाकडं आहे. नदी उतरता आली की येईल."

"नाव काय तिचं?"

डोक्यात दुसरं नावच येईना. "दया," तो म्हणाला.

"आणि आईवडील? भावंडं?"

यशयानं खाली पाहिलं. साराबाईंच्या उंबऱ्यावर कुणी तरी खडूनं क्रूस काढला होता. "कुणी नाही," तो म्हणाला. "आम्ही दोघंच."

साराबाईंनी दाखल्यावर सही केली. राहणारी माणसं दोन, यशया साळवे आणि पत्नी. पावणेचारला यशयानं तो कागद मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठेवला आणि परत येऊन खोलीच्या गार जमिनीवर आडवा पडला. छप्पर झालं होतं. झोपण्याआधी प्रार्थना करायला बसला, पण आईचं नाव घ्यायची जागा आली तिथं अडला, आणि तसाच झोपला.

पुढचे दोन महिने बरे गेले असं वरवर म्हणता येईल. तो शाळेत जाई, फळ्यावर सुवाच्य अक्षर काढायला शिके, संध्याकाळी अंगणात येऊन भाकरी भाजत असे. साराबाई अधूनमधून विचारीत, "काही निरोप?" आणि तो नाही म्हणे. मुक्ताबाई त्याची भाकरी पाहून हसे. "भाऊ, वहिनी येऊ द्या लौकर. ह्या भाकरीनं मानूस मरंल." गोरक्षनाथ त्याला आत्तापासूनच मास्तर म्हणायचा. तो मूळचा पुणतांब्याचा, त्याचा मेव्हणा गोदावरीवर नाव चालवायचा. अंगानं आडवा, बोलायला मोकळा, आणि दुसऱ्याचं दुःख ऐकलं की हातातलं काम टाकून बसणारा.

यशयाला आशा होती की खोलीत वर्षभर नीट राहिलं, साराबाईंचा विश्वास बसला, की मग हळूहळू सगळं सांगता येईल. एक खोटं किती दिवस पुरतं याचा हिशेब त्यानं केला नव्हता. तो कुणीच करत नाही.

ऑगस्टच्या मध्याला स्टेशनवरून बातमी आली. डोणवाडीच्या शेजारची दोन गावं रझाकारांनी जाळली होती. लोक मक्याच्या रानात लपून होते, नदीला पाणी चढलेलं, आणि काठावर येतील तेवढ्यांना नावाडी अंधार पडताना चोरून अल्याड आणत होते. यशया ती बातमी ऐकून अंगणात आला आणि ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या हातातला तांब्या खाली पडला तो मुक्ताबाईनं उचलला.

गोरक्षनाथ कामावरून आला. त्यानं ऐकलं, हातपाय धुतले आणि म्हणाला, "मास्तर, मी जातो."

"कुठं?"

"पल्याड. माझा मेव्हना नाव घालतो, मला पानी ठावं हाय. तुमी गेलात तर तरना मानूस बघून पयलं तुमालाच धरतील. माझं केस पिकलं, मला कोन इचारतंय? वहिनीला घेऊन येतो."

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला ते मान्य नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ती म्हणाली, "बाई मानूस तिथं येकली हाय. जा तुमी." साराबाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

गोरक्षनाथ यशयासमोर उकिडवा बसला. "घराची खून सांगा."

"देवळाच्या मागं. दारात शेवग्याचं झाड. दया नाव."

"बरं. आता येक नीट सांगा, मास्तर. घरात आनखी कोन हाय का? नाव ल्हान हाय, मानसं लई. मेव्हन्याला जागा आधी सांगून ठेवावी लागती. जितकी सांगंन तितकीच घ्येतो तो."

हीच ती वेळ होती. सगळी गोष्ट इथं सरळ होऊ शकली असती. आई आहे, एवढे दोन शब्द. यशयानं मान वर केली तर समोर साराबाईंचा चष्मा. दोन महिन्यांपूर्वी कुणी नाही म्हणून सांगितलं ते याच बाईंना. आत्ता आई आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न, मग ती बायको कोण, मग दाखला, मग शाळा. आणि त्या क्षणी, जीव मुठीत धरलेल्या त्या माणसाला आणखी एक लबाड विचार सुचला. दया आली की आई मागं थोडीच राहील? ती पोरीला सोडायचीच नाही. बसेल नावेत दामटून. इथं आल्यावर बघू काय सांगायचं ते.

"नाही," तो म्हणाला. "एकटीच."

दुसऱ्या दिवशी तो गोरक्षनाथाला गाडीवर सोडायला गेला. वाटेत सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण साराबाईही बरोबर निघाल्या, भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन. फलाटावर त्या गोरक्षनाथाला जपून जायला सांगत राहिल्या आणि यशया शेजारी उभा राहून घाम पुसत राहिला. गाडी हलली तेव्हा तो खिडकीबरोबर धावला. "गोरक्षनाथभाऊ," तो म्हणाला. गोरक्षनाथानं बाहेर हात काढून त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आनतो वो मास्तर. रडू नगा." गाडी गेली.

मग पाच दिवस. त्या पाच दिवसांचं काय सांगावं? मुक्ताबाई रोज दोन माणसांचा स्वयंपाक करायची आणि एकाचा झाकून ठेवायची.  एकदा भांडी घासता घासता ती सहज म्हणाली, "त्यांना पवायला लई चांगलं येतं." कुणी विचारलं नव्हतं. यशया शाळेत जायचा, पण फळ्यावर काय लिहिलंय ते दिसायचं नाही. आपण एका सज्जन माणसाला मरायला पाठवलं, तेही ज्या बायकोसाठी पाठवलं ती मुळात नाहीच, आणि जी आहे तिचं नाव घेतलं नाही. रोज सकाळी उठताना त्याला वाटे, आज साराबाईंना सांगतो. रोज संध्याकाळी तो न सांगता झोपे.

सहाव्या दिवशी दुपारच्या गाडीनं गोरक्षनाथ आला. पाय सुजलेला, धोतर चिखलानं कडक झालेलं, पण धड. त्याच्यामागं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. आईचं लुगडं यशयानं लांबूनच ओळखलं, पिवळ्या काठांचं, नाताळला नेसायचं. त्याच्या काळजात एकदम उजेड पडला. पण बाई जवळ आली तेव्हा पदराखाली दयाचं तोंड होतं. तिच्या गळ्यात आईची काळी पोत होती. बाप गेल्यावर आईनं काढून पेटीच्या तळाशी ठेवलेली.

दयानं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. हाक मारली नाही. यशयानं तिच्यामागं पाहिलं, अंगणाच्या दारापर्यंत, रस्त्यापर्यंत. मागं कुणी नव्हतं.

मुक्ताबाईनं नवऱ्याचे पाय गरम पाण्यात ठेवले, दयाला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. साराबाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. दाखल्यावरची दोन माणसं आज खरी झाली म्हणून त्या खुश होत्या. गोरक्षनाथ भाकरी मोडता मोडता सांगू लागला.

"घर गावलं लगेच. शेवग्याचं झाड हुतं, तसंच. दारात येक बाई बसल्याली. म्हनलं, यशया मास्तरची बायकू दया हितंच का? तिनं माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मग इचारलं, कोन म्हनलात? मी परत सांगितलं, मास्तरची बायकू. मास्तरनं नगराला खोली घेतलीय, तिला न्यायला आलोय. मग ती म्हनली, व्हय, हाय ना, आत हाय. म्हनलं तुमी कोन? म्हनली, मी शेजारीन."

यशयाच्या हातात चहाची बशी होती. त्यानं ती खाली ठेवली.

"लई भली बाई, मास्तर. तिनंच वहिनींना आत नेलं, लुगडं नेसवलं, ही पोत घातली. मला इचारलं, खोली किती मानसांची? मी म्हनलं, नवरा-बायकूची, मालकीनबाई खटलं घेत न्हाईत. तवा म्हनली, मग बरं. वहिनी काय सोडीनात तिला. गळ्यातच पडल्या. तिनं हात सोडवलं." तो थांबला, पाणी प्यायला. "मलाच कसंतरी झालं. म्हनलं, मावशे, तुमीबी चला. मेव्हन्याला सांगून करतो येक जागा कुठंतरी, उभं राहावं लागंल. तर हसली. म्हनली, माझं मानूस हाय हितं, मी कशी येऊ? काठापोतर आली सोडायला. नाव निघाली तरी उभीच."

"आणि आता?" साराबाईंनी विचारलं. "आणखी नावा येतील ना?"

"न्हाई, बाई. दुसऱ्याच दिशी त्यांनी काठावरच्या नावा धरल्या. फोडल्या. मेव्हन्यानं आपली अल्याड बांधून ठिवलीय. आता पल्याड जानं न्हाई अन् येनं न्हाई."

"देव त्या बाईचं भलं करो," साराबाई म्हणाल्या.

यशया उठला.  "ती शेजारीण नाही," तो म्हणाला. "आई आहे माझी. आणि ही बहीण. माझं लग्न झालेलं नाही."

गोरक्षनाथाच्या हातातला घास तोंडाकडं जाता जाता थांबला. त्यानं तो परत ताटात ठेवला, हात झाडले आणि सुजलेल्या पायांकडं बघत बसला. "जागा हुती, मास्तर," तो हळू म्हणाला. "दाबून बसवली असती. येकदा बोलायचं हुतं तुमी."

साराबाईंनी चष्मा काढला. त्या रागावतील, खोली सोडायला सांगतील असं यशयाला वाटलं, आणि त्याला ते हवंच होतं. कुणीतरी काहीतरी काढून घ्यायला हवं होतं. पण त्या पदरानं काचा पुसत राहिल्या, पुसून झाल्या तरी पुसत राहिल्या.

"मला त्या शनिवारीच खरं सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई ती. "सांगितलं असतंस तर मी दार लावलं असतं," त्या म्हणाल्या. "इथं राहा. दोघंही राहा."

खोली राहिली. दाखला राहिला. शाळाही राहिली. चार दिवस दारोदार हिंडून जे मागितलं होतं ते सगळं यशयाच्या पदरात पडलं होतं. मुक्ताबाई उठली आणि आपल्या वाटचं झाकून ठेवलेलं ताट उघडून तिनं दयापुढं सरकवलं.

दयानं ताटाला हात लावला नाही. डोक्यावरचा पदर खाली पडला तो तिनं परत घेतला नाही. दोन्ही हातांनी गळ्यातली काळी पोत धरून तिनं पहिल्यांदा यशयाकडं सरळ पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "आता काढू का रे ही? आई म्हनली हुती, दादानं सांगितल्याबगार काढू नको."